मुका सोबती गेल्यानंतर

घरातील माणूस गेले, की शेजारीपाजारी धावून येतात. दहा-बारा दिवस घरात राबता असतो, कचेरीतून रजा मिळते. मात्र बारा-पंधरा वर्षे घरात वावरलेला कुत्रा किंवा मांजर गेले, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर हजर व्हावे लागते. वर 'कुत्राच तर होता, दुसरा आणा' हे सांत्वन म्हणून ऐकावे लागते.

मान्यता नसलेला शोक
समाज ज्या दुःखाची दखल घेत नाही, ते अधिक काळ सलते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा समाजमान्यता नसलेल्या शोकाची संकल्पना मांडली. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख याच प्रकारात मोडते. रडू येणे, झोप उडणे, भूक मंदावणे, दाराशी त्याची चाहूल लागल्याचा भास होणे, हे सारे स्वाभाविक आहे. सकाळचा फेरफटका आणि जेवणाच्या वेळा त्याच्याभोवती बांधलेल्या असल्याने दिवसाची घडीच विस्कटते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ही पोकळी विशेष जाणवते.

निरोपाची रीत
हे दुःख आजचे नाही. प्राचीन इजिप्तमध्ये घरातील मांजर मेल्यास कुटुंबीय भुवया भादरीत आणि कुत्रा मेल्यास डोक्यासह सर्वांग भादरीत, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केली आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ मध्ये पाळीव प्राण्यांचे दफन सुरू झाले, तर पॅरिसजवळील आन्येर येथे १८९९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र दफनभूमी उभी राहिली. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली. निरोप देण्यास जागा आणि चार माणसांची सोबत मिळाली, की मृत्यू स्वीकारणे थोडे सोपे जाते.

अपराधीपणाची बोच
असाध्य आजारात पशुवैद्याच्या सल्ल्याने दयामरणाचा निर्णय घ्यावा लागतो. 'आपण घाई केली का' किंवा 'उशीर केला का', हा प्रश्न त्यानंतर अनेकांना छळतो. अशा वेळी पशुवैद्याशी पुन्हा एकदा मोकळेपणाने बोलावे. त्या दिवशी प्राण्याची अवस्था काय होती, हे शांतपणे ऐकल्यास मनातील किल्मिष कमी होते.

मुलांना काय सांगावे
'तो झोपला' किंवा 'गावी पाठवला' असे मुलांना सांगू नये. पहिल्या उत्तराने झोपेची भीती बसू शकते, तर दुसऱ्याने मूल वाट पाहत राहते. तो मेला, आता परत येणार नाही, हे सोप्या शब्दांत सांगावे आणि मुलांना निरोपात सहभागी करून घ्यावे.

हे लक्षात ठेवावे
* गळपट्टा, अंथरूण, भांडे लगेच काढून टाकण्याची घाई नको.
* घरातील दुसरा प्राणी सोबत्याला शोधतो, कधी खाणे कमी करतो. त्याचा दिनक्रम मोडू नये. खाणे सुटल्यास पशुवैद्यास दाखवावे.
* नवा प्राणी मन सावरल्यावर, सर्वांच्या संमतीने आणावा. तो गेलेल्याची जागा भरण्यासाठी नसतो.
* अनेक आठवडे दैनंदिन कामे जमेनाशी झाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

शेजाऱ्यांनाही करता येण्याजोगे काही आहे. दुसरा प्राणी आणण्याचा सल्ला देण्याऐवजी गेलेल्याचे नाव घेऊन त्याची एखादी आठवण काढावी. दुःखात असलेल्या घराला तेवढीही दखल पुरेशी असते.