साक्ष पंजाबीत, कागद उर्दूत

फिर्याद, वकील, हजर, जबाब, तारीख. कोर्टात रोज कानावर पडणारे हे शब्द फारसी-अरबीतून आलेत. आपण ते कधीच मराठी करून टाकले. पण कोर्टाची अख्खी भाषाच परकी असेल तर साध्या माणसाचं काय होतं? त्यासाठी पंजाबचा इतिहास बघा.

१८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला. रणजितसिंगांच्या दरबाराचं दप्तर फारसीत चालायचं, लोक मात्र पंजाबी बोलायचे. कंपनीच्या इतर मुलखात १८३७ च्या कायद्याने कोर्टातून फारसी जाऊ लागली होती. मग पंजाबात पंजाबी यायला हवी होती ना? आली उर्दू! कारण साहेब लोक आणि त्यांचे कारकून दिल्ली-आग्र्याकडच्या कारभारात तयार झालेले, त्यांना उर्दू येत होती. पंजाबी म्हणजे खेडवळ बोली असा त्यांचा समज. शिवाय गुरुमुखीला मान दिला तर शीख राज्याची आठवण जागी राहील, ही धास्ती.

झालं काय, तर शेतकरी पंजाबीत बोलायचा आणि मुन्शी ते उर्दूत उतरवायचा. म्हणजे लिहिणारा तोच दुभाषी. अंगठा देणाऱ्याला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. पंजाबीत 'सोटी' म्हणजे हातातली काठी. समजा, मुन्शीने तिथे 'लाठी' लिहिलं, तर भांडणाचं वजनच बदललं. आणि अपील चालतं ते कागदावर, तोंडच्या बोलण्यावर नाही.

१९४७ ला पंजाबची फाळणी झाली. पाकिस्तानी पंजाबात २०१७ च्या जनगणनेत सुमारे ७० टक्के लोकांची मातृभाषा पंजाबी निघाली, पण पोलिसात तक्रार आजही उर्दूत लिहिली जाते. आपल्याकडच्या पंजाबात १९६७ च्या कायद्याने पंजाबी राजभाषा झाली. तिथे आता उलटी अडचण आहे. आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत, आणि नातवंडांना ते वाचता येत नाहीत. वाद कोर्टात गेला की उर्दू वाचणारा शोधत फिरायचं.

हे दुखणं आपल्याला नवीन नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघालो, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढा भाव आला होता, आठवतंय ना?

दुभाषाने खरं तेच भाषांतर करावं, हे बंधन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २८२ मध्ये होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण आपण काय बोललो, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? म्हणून जबाबावर सही करण्याआधी एवढंच म्हणा, "साहेब, काय लिहिलंय ते मला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा." यात लाजायचं काही नाही.

तुमच्या घरात मोडी किंवा उर्दूतले जुने कागद पडून असतील तर कमेंटमध्ये जरूर सांगा.