मल्लेश्वरम् ते वेम्ब्ली, आणि परत

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागातील कॅनरा युनियनच्या सभागृहात लग्नकार्ये होत आणि कार्य नसेल तेव्हा तेथेच बॅडमिंटन खेळले जाई. लग्नसराईत खेळणाऱ्या मुलांना मांडव रिकामा होण्याची वाट पाहावी लागे. याच सभागृहात प्रकाश पदुकोण यांनी प्रथम रॅकेट हाती धरली. त्यांचा जन्म 10 जून 1955 चा, घराणे कोकणीभाषक. वडील रमेश पदुकोण म्हैसूर बॅडमिंटन संघटनेचे चिटणीस असल्यामुळे घरात खेळाचे वातावरण होते; साधने मात्र तुटपुंजी होती.

भारतीय बॅडमिंटनला तोवर परंपरा नव्हती असे नाही. 1947 साली प्रकाश नाथ यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकून भारताला पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. दिनेश खन्ना 1965 साली आशियाई विजेते ठरले होते. तथापि ऑल इंग्लंडचे विजेतेपद कोणाही भारतीयाच्या हाती लागले नव्हते.

वयाच्या सोळाव्या वर्षी, 1971 साली, प्रकाश राष्ट्रीय विजेते झाले आणि 1979 पर्यंत सलग नऊ वर्षे त्यांनी ते पद राखले. इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनो यांचा खेळ पाहून त्यांनी आपल्या बचावात्मक खेळाला आक्रमणाची जोड दिली. 1978 साली एडमंटन येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी एकेरीचे सुवर्णपदक पटकावले.

23 मार्च 1980 रोजी लंडनमधील वेम्ब्ली येथे ऑल इंग्लंडचा अंतिम सामना झाला. समोर होते मागील दोन वर्षांचे विजेते, इंडोनेशियाचे लिम स्वी किंग. त्यांचा उडी घेऊन मारलेला स्मॅश म्हणजे साक्षात वज्राघात. प्रकाश यांनी बळाशी बळाने झुंज घेतली नाही. संथ गती, अचूक टप्पा आणि अखेरच्या क्षणी मनगटाने बदललेली दिशा यांच्या साहाय्याने त्यांनी किंग यांना त्यांच्या आवडीचा फटका खेळण्याची संधीच फारशी दिली नाही. 15-3, 15-10 असा तो विजय होता.

या यशानंतर प्रकाश यांनी व्यावसायिक खेळाडू होऊन डेन्मार्कमध्ये मुक्काम हलविला. तोलामोलाचे प्रतिस्पर्धी, नियमित सराव आणि युरोपातील स्पर्धा यांचा लाभ मायदेशी राहून होण्यासारखा नव्हता. 1981 साली क्वालालंपूर येथील विश्वचषक त्यांनी जिंकला. 1983 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. परंतु भारताच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला सरावासाठी देश सोडावा लागला, ही गोष्ट गौरवाची म्हणता येणार नाही.

त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल या वैगुण्यावर त्यांनी शोधलेल्या उत्तरात आहे. स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर 1994 साली त्यांनी विमल कुमार यांच्या सहकार्याने बंगळूर येथे प्रशिक्षण प्रबोधिनी स्थापन केली. मुंबईची अपर्णा पोपट तेथे शिकली आणि तिनेही नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तेथेच सराव केलेल्या पुल्लेला गोपीचंद यांनी 2001 साली ऑल इंग्लंड जिंकून एकवीस वर्षांची प्रतीक्षा संपविली. पुढे त्यांनी हैदराबादेत स्वतःची प्रबोधिनी उभारली. 2016 साली ऑलिंपिक रौप्यपदक आणि 2019 साली जागतिक अजिंक्यपद मिळविणारी पी. व्ही. सिंधू ही त्यांचीच शिष्या.

विजेतेपदे इतिहासजमा होतात आणि विक्रम कालांतराने मोडले जातात. 1980 सालच्या त्या रविवारी वेम्ब्लीत मिळालेला करंडकही वर्षभराने दुसऱ्याच्या हाती गेला. मात्र लग्नमांडव रिकामा होण्याची वाट पाहणाऱ्या त्या मुलाने पुढच्या पिढ्यांसाठी कायमचे खुले कोर्ट निर्माण केले. एखाद्या संस्थेचे वय वर्षांनी मोजता येते. तिचे मोठेपण मात्र तिच्या अंगणातून कोण बाहेर पडले आणि त्यांनी इतरांसाठी कोणती दारे उघडली, यावरूनच ठरते.