घुसळखांब आणि ताकाचा तांब्या

आपल्या कुंडलचा इतिहास म्हटलं की १९४३ चं प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं ओठावर येतात. यायलाच पाहिजेत. पण त्या काळी गावं चालवणाऱ्या चुलीचा आणि डेऱ्याचा इतिहास कुणी लिहिला नाही.

जुन्या घरात एक घुसळखांब असायचा. त्याला रवी अडकवायची, दोराचे वेढे द्यायचे आणि पहाटे बाईनं दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. पहाटेच का? गारव्यात लोण्याचा गोळा नीट येतो, उन्हं वर आली की लोणी विरघळायला लागतं. उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, थंडीत कोमट. कढवताना विड्याचं पान टाकायचं, खालची बेरी साखर घालून पोरांना द्यायची. दिवे लागल्यावर विरजण कुणाला द्यायचं नाही, हाही नेम.

पण सगळ्यात मोठा नेम ताकाचा. तूप विकायचं, ताक विकायचं नाही. ज्याच्या घरी दुभतं नाही त्यानं तांब्या घेऊन यायचं. 'ताकाला जाऊन भांडं लपवू नये' ही म्हण उगाच आली नाही. अर्थात सगळं गोडच होतं असं नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला तेच ताक दुरून, वरून ओतलं जायचं. हेही सांगितलंच पाहिजे.

मग दुधाला बाजार आला. जवळच भिलवडीत १९३९ साली चितळे डेअरी सुरू झाली. १९७० पासून देशभर दूध महापूर योजना आली, गावोगावी दूध संस्था झाल्या. फॅटवर दर मिळू लागला, बिलाच्या पैशावर पोरं शिकली. हे नाकारून चालणार नाही.

पण दूध थेट किटलीतून डेअरीला गेलं आणि दोन गोष्टी गेल्या. शेजाऱ्याचा ताकाचा तांब्या गेला. आणि तूप विकून बाईच्या हातात येणारे चार पैसे गेले, कारण डेअरीचं खातं बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. धारा काढणं, शेण, वैरण मात्र बाईकडंच राहिलं.

रवी परत आणा असं म्हणणं नाही, त्या दोरानं हाताला घट्टे पडायचे. पण दुधाचं खातं घरातल्या बाईच्या नावावर करायला काय हरकत आहे? तुमच्या घरी कुणाच्या नावावर आहे, जरा बघा आणि सांगा.