वाडा, बंगला आणि वारस

इंग्रजी कादंबरी शिकवताना ‘कंट्री हाउस’ आले, की आपण त्याला सरसकट ‘वाडा’ म्हणून मोकळे होतो. आम्हांस हे भाषांतर पटत नाही. आणि न पटण्याची कारणे नागपुरात पायी हिंडूनही पाहता येतात.

वाडा आत पाहतो. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, पलीकडे माजघर. उजेड येतो तो चौकातून. रस्त्याच्या वाट्याला केवळ भिंत आणि दिंडी दरवाजा. महालातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला होता. १८६४ साली तो जळाला आणि नगारखान्याचा भव्य दरवाजा तेवढा मागे उरला. इंग्रज उमरावाचे घर याच्या अगदी उलट, बाहेर पाहणारे. पुढे हिरवळ, मग झाडी, मग कुरणे. मधली हद्द नजरेस खुपू नये म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणण्याची युक्ती अठराव्या शतकात तेथे रूढ झाली. त्या चराला ‘हाहा’ म्हणत. (नाव थट्टेचे असले तरी हेतू पुरता गंभीर होता.) दिवाणखान्याच्या खिडकीत बसलेल्या धन्याला आपली जमीन संपताना दिसतच नसे.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्सने हीच नजर उचलली. विस्तीर्ण आवार, मधोमध घर, पोर्चपर्यंत जाणारा खाजगी रस्ता. मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरसाठी १८९१ साली बांधलेले आणि पुढे राजभवन म्हणून ओळखले गेलेले निवासस्थान हा त्या नजरेचा ठळक नमुना. रुंद व्हरांडा आणि उंच छत ही वैदर्भीय उन्हाळ्याला दिलेली सवलत. ‘बंगला’ हा शब्दही मुळात बंगालचाच. मात्र कंट्री हाउस हे एका कुळाचे घर असते, आसपासच्या शेतीच्या खंडावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले. चीफ कमिशनर पडला बदलीचा माणूस. त्याच्या घरामागे कुळ नव्हते. होता तो अख्ख्या प्रांताचा महसूल.

आणि हा महसूल हाती आला होता वारसाच्याच प्रश्नावरून. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस पुत्र नव्हता. राण्यांचा दत्तक घेण्याचा हक्क दलहौसीने मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेटांना पाच मुलीच असल्याने घर दूरच्या पुरुष नातलगाकडे जायचे आहे. मुलींवर अन्याय करणारा तो कायदा वारस मात्र शोधून काढतो, घर सरकारजमा करीत नाही. आमचे विद्यार्थी त्या मुलींबद्दल हळहळतात. महालातील राण्यांची आठवण त्या तासाला सहसा कोणी काढत नाही.

खुद्द दलहौसीही १८६० साली मुलगा नसतानाच वारला. हिंदुस्थानातील कारकिर्दीत मिळालेले ‘मार्क्वेस’पद त्याच्याबरोबर संपले. पिढीजात ‘अर्ल’पद त्याच्या चुलतभावाला मिळाले.