एका किडीने घडवलेल्या दोन वाईन

स्पॅनिश रेड वाईन म्हटलं की बहुतेकांना रिओहा आठवते. जरा जास्त खोलात शिरलेले प्रिओरातचं नाव घेतात. चवीत त्या अगदीच वेगळ्या आहेत, पण दोघींचं नशीब एकाच किडीने लिहिलं.

१८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेराने फ्रान्सचे मळे खायला सुरुवात केली. माव्याच्या जातीची ही बारीक कीड वेलाच्या मुळांवर जगते. बोर्दोचे व्यापारी माल शोधत पिरेनीज ओलांडून रिओहात उतरले. तिथल्या आरो गावात १८६३पासून रेल्वे होती, त्यामुळे वाईनची कोठारं थेट स्टेशनाला खेटून उभी राहिली. १८७७ची लोपेस दे एरेदिया आणि १८७९ची कूने आजही तिथेच आहेत. ओकच्या लहान पिंपांत वाईन मुरवायची बोर्दोची रीत रिओहात याच काळात रुजली. पिंपं मात्र पुढे अमेरिकन ओकची आली, आणि व्हॅनिला-नारळाचा तो ओळखीचा वास त्यांचाच.

शतक संपता संपता कीड रिओहातही पोचली. तोवर इलाज सापडला होता: अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलाचं कलम. (आपल्याकडे नाशिक-सांगलीत डॉगरिजवर द्राक्ष बांधतात, तो खुंटही मूळ अमेरिकेचाच.) सपाट जमीन, रेल्वे आणि भांडवल असल्याने रिओहा सावरली.

कॅटलोनियातल्या प्रिओरातकडे यातलं काहीच नव्हतं. बाराव्या शतकापासून इथे स्काला देई मठाच्या साधूंनी द्राक्षं लावली होती. १८३५मध्ये सरकारने तो मठ बंद केला. जमीन म्हणजे काळ्या पाटीसारखा फुटका दगड आणि अंगावर येणारे उतार. कीड आल्यावर असे उतार पुन्हा लावणं परवडेना. माणसं शहरांकडे गेली, गावं ओस पडली. मला या सगळ्या कथेत हाच भाग जास्त बोचतो, कारण इलाज माहीत होता, फक्त तो गरिबांच्या आवाक्यात नव्हता.

जवळजवळ शंभर वर्षांनी रने बार्बिए आणि मित्रमंडळींनी ग्रातायोप्स गावात जुने वेल हाताशी धरले. १९८९चं पीक त्यांनी एकत्रच वाईन करून वेगवेगळ्या नावांनी बाटल्यांत भरलं. त्यांतला आल्वारो पालासिओस तर रिओहातल्या वाईनवाल्या घरातला! दोन दशकांत प्रिओरातला रिओहाच्या बरोबरीचा, स्पेनमधला सर्वोच्च दर्जा मिळाला. किंमतही तशीच चढली.

आता ताटाकडे. रिओहा मुख्यतः तेम्प्रानियोची. तिच्याबरोबर तिथे छाटणीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा खातात. मांसाची चरबी आणि वाईनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळतात. प्रिओरात गार्नाचा-कारिन्येनाची, दाट, अनेकदा साडेचौदा टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली. कोवळ्या चापांना ती गिळून टाकेल. तिला रानडुकराचं तासन्‌तास शिजलेलं कालवण हवं. आणि बाटली उघडण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पहिल्या घोटाला फक्त अल्कोहोलच लागेल.