रॉबिन कुक यांचा राजीनामा

ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी ‘पक्ष सोडला’, हे खरे नाही. इराकवरील हल्ल्याला विरोध म्हणून १७ मार्च २००३ रोजी त्यांनी सोडले ते पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे मंत्रिमंडळ. मजूर पक्षात ते अखेरपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत राहिले. राजीनाम्याच्या रात्रीच हाउस ऑफ कॉमन्समध्ये मागच्या बाकावरून केलेल्या निवेदनात त्यांनी ब्लेअर यांच्यावर एकही वैयक्तिक टीका केली नाही. इराककडे रूढ अर्थाने महासंहारक अस्त्रे बहुधा नाहीतच, हे मात्र स्पष्ट सांगितले. चार वर्षे परराष्ट्रमंत्रिपद सांभाळलेला माणूस हे बोलत होता, म्हणून त्या वाक्याला वजन होते. निवेदन संपताच सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, काही तर उभे राहिले. या सभागृहाच्या रिवाजात टाळ्या बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी मजूर पक्षाचे १३९ खासदार पक्षादेश झुगारून युद्धविरोधी उपसूचनेच्या बाजूने गेले. तरीही हुजूर पक्षाच्या पाठिंब्यासह सरकारचा युद्धाचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. युद्धाला उघड विरोध करणाऱ्या मंत्री क्लेअर शॉर्ट तेव्हा पदावर राहिल्या. त्यांनी मे महिन्यात राजीनामा दिला, तोवर बगदाद पडले होते.