मूकपट : मावळतीला झालेलं बारसं

येवल्याचा माग हा पिढ्यान्‌पिढ्या नुसता माग होता. मालेगावात यंत्रमाग खडखडू लागले आणि मग तो ‘हातमाग’ झाला. जर्सी गाय गावात आली तेव्हा गोठ्यातली गाय ‘देशी’ ठरली. नवं आलं की जुन्याला ओळखीसाठी एक विशेषण चिकटतं. वस्तू तीच असते, पण त्या दिवसापासून ती पूर्वीची राहत नाही.

‘मूकपट’ हा शब्द याच कुळातला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा मूकपट पाहायला म्हणून कुणीही घरून निघालं नव्हतं. लोक हलती चित्रं पाहायला गेले होते. त्या चित्रांत काही कमी आहे, असं कुणाच्या मनातही नव्हतं. कमी आहे हे कळायला सातासमुद्रापलीकडे आधी पैशाचा पूर यावा लागला.

आधी ‘पट’ पाहू. पट म्हणजे वस्त्र, आणि चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड. संस्कृतात हा शब्द सिनेमाच्या कितीतरी आधीचा आहे. पिंगुळीचे चित्रकथी चित्रामागून चित्र समोर धरून रामायणातल्या कथा गात, म्हणजे चित्राने कथा सांगण्याची रीतही आपल्याकडे जुनीच. ‘नवयुग’ मासिकात १९१७–१८ साली दादासाहेब फाळक्यांनी आपल्या धंद्याविषयी लेखमाला लिहिली, तिचं नाव ‘भारतीय चित्रपट’. त्या नावात ‘मूक’ नाही. फाळक्यांच्या लेखी ती पूर्ण वस्तू होती, आणि पूर्ण वस्तूला विशेषण लागत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत हा ध्यास घेतला. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवू दिले, फिल्म धुवायला हात लावला आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाकही केला. ‘हरिश्चंद्र’ दादरला झाला, पण पुढच्या कामासाठी फाळके नाशिकला आले. त्या काळचं चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. पौराणिक कथेला लागणारे नदीघाट, देवळं आणि डोंगर नाशिकच्या परिसरात होतेच.

१९१७च्या ‘लंकादहन’ने पैसा आणला. तिकिटांची नाणी बैलगाडीतून वाहून नेल्याची आठवण आजही सांगितली जाते. १९१८च्या आरंभी मुंबईच्या भागीदारांच्या भांडवलावर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि तिने नव्वदहून अधिक चित्रपट काढले. भागीदारांशी मतभेद झाले तेव्हा फाळके काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि पुन्हा नाशिकला परतले. बैठक मोडली तरी काम सुटलं नाही.

हे चित्रपट ज्या थिएटरांत लागत, तिथे शांतता मात्र नसे. पडद्यापाशी पेटी आणि तबला असे. चित्रांच्या मधे येणाऱ्या पाट्या दोन-तीन भाषांत असत, आणि ज्याला वाचता येई तो न येणाऱ्यासाठी मोठ्याने वाची. ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडत. पट बोलत नसला तरी थिएटर बोलत होतं.

इकडे हे चाललं असताना अमेरिकेत पैसा उतू चालला होता. पहिल्या महायुद्धाने युरोपातले स्टुडिओ मोडकळीला आले आणि मोकळी झालेली जागा हॉलिवूडने घेतली. घरोघर रेडिओ आले. मोटार हप्त्यावर मिळू लागली आणि शेअर घ्यायलाही उसना पैसा मिळू लागला. मार्च १९२७मध्ये न्यूयॉर्कला ‘रॉक्सी’ हे जवळपास सहा हजार खुर्च्यांचं थिएटर उघडलं. हिंदुस्थानातल्या थिएटरांतही बहुतेक चित्रपट अमेरिकीच असत. सरकारने १९२७च्या ऑक्टोबरात टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे नाशिकच्या फाळक्यांनीही साक्ष दिली.

नेमका त्याच महिन्यात, ६ ऑक्टोबर १९२७ रोजी, न्यूयॉर्कला वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ लागला. त्यातला बराचसा भाग पाट्यांचाच होता, पण गाणी आणि थोडी वाक्यं तबकडीवरून ऐकू येत होती. तेवढंच पुरलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत कर्जं काढून हजारो थिएटरांत आवाजाची यंत्रं बसली. लवकरच तबकडी मागे पडली आणि फिल्मच्याच कडेला आवाजाचा एक बारीक पट्टा छापला जाऊ लागला. त्यातून प्रकाश आरपार जाऊन विजेच्या डोळ्यावर पडे आणि त्याचा पुन्हा आवाज होई.

या पट्ट्याने चित्राचा वेगही बांधून टाकला. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सोळा-अठरा चित्रं टिपली जात आणि दाखवणाराही प्रसंग पाहून हात सैल-घट्ट करी. आवाजाला असा सैलपणा चालत नाही, म्हणून सेकंदाला चोवीस चित्रं हा दंडक ठरला. जुने चित्रपट पुढे या नव्या वेगाने दाखवले गेले आणि माणसं तुरुतुरु पळताना दिसू लागली. मूकपटातली माणसं अशीच चालत, असा आपला समज झाला. तो दोष त्या चित्रपटांचा नाही. आपण ते चुकीच्या वेगाने पाहिले.

अमेरिकेत थिएटरातल्या वादकांचं काम गेलं. पाठोपाठ २४ ऑक्टोबर १९२९ उजाडला आणि शेअर बाजार कोसळू लागला. १९३२च्या जुलैपर्यंत डाऊ निर्देशांक शिखरापासून जवळपास नव्वद टक्के खाली आला. १९३३ साली पॅरामाउंटसारखी बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत गेली. मंदी आपल्याही दारात आली आणि शेतमालाचे भाव पडले. पण भरभराटीच्या दिवसांत सुटलेला बोलपट मागे फिरला नाही. कोलकात्याला १९२९ साली ‘मेलडी ऑफ लव्ह’ हा अमेरिकी बोलपट दाखवला गेला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. फेब्रुवारी १९३२मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला.

हा राजा म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. १९१३ साली तारामतीसाठी एकही बाई मिळाली नव्हती, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडं नेसून ती भूमिका केली. एकोणीस वर्षांनी तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, आणि त्या स्वतःच्या आवाजात बोलल्या. बोलपटाने काय दिलं, याचं याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही. फाळक्यांवर कितीही माया असली तरी त्या आवाजाचं मोल कमी करता येत नाही.

याच सुमारास नाशिकला फाळके ‘सेतुबंधन’ करत होते, तेही आवाजाविना. लॉस एंजेलिसला चार्ली चॅप्लिननेही १९३१ साली ‘सिटी लाइट्स’ संवादांशिवाय काढला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. चॅप्लिनपाशी स्वतःचा स्टुडिओ होता आणि गाठीला पैसा होता. फाळक्यांचं भांडवल दुसऱ्यांचं होतं. सूर्यप्रकाश फुकट मिळे, आवाजाला मात्र यंत्रं, वीज, बंदिस्त स्टुडिओ आणि पगारी इंजिनिअर लागत. हिंदुस्थान कंपनी बंद पडली. ‘सेतुबंधन’वर मुंबईत इंपीरियल कंपनीत मागाहून आवाज चढवला गेला आणि तो १९३४ साली लोकांपुढे आला. फाळक्यांनी मुळापासून बोलपट असा एकच केला, कोल्हापूरला १९३७ साली ‘गंगावतरण’. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला गेले.

‘बोलपट’ हा शब्द रूढ झाला आणि उरलेले सगळे एका रात्रीत ‘मूकपट’ ठरले. इंग्रजीतही असंच झालं : ‘टॉकी’ आली आणि जुन्या चित्रांना ‘सायलेंट’ म्हणू लागले. पण सायलेंट म्हणजे नुसता शांत. मराठीत ‘मूक’ त्याहून खोल आहे. ज्याच्यापाशी सांगण्यासारखं आहे पण ज्याचं ऐकून घेतलं जात नाही, तो मूक. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. दहा वर्षांनी, मार्च १९३०मध्ये, याच नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी त्यांनी सुरू केलेल्या सत्याग्रहाने त्या नावाचा अर्थ गावाला दाखवला. मूक म्हणजे मुका नव्हे, हे नाशिकने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून मला हा शब्द बदलायचा नाही, नीट ऐकायचा आहे. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे तुकडे वाचले आहेत. १९१९चा ‘कालिया मर्दन’ बराचसा हाती आहे. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी पडद्यावर येते. कथा अजून सुरू झालेली नसते. ती नुसते चेहऱ्यावरचे भाव बदलत जाते, आणि पाहता पाहता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे शाळेच्या सहली येतात. त्या मुलांना एकदा हा चेहरा त्याच्या मूळ वेगाने दाखवावा, आणि शेजारी एक पेटी असावी. या पटाला मूक का म्हणतात, हे मग तीच आपल्याला विचारतील.